डॉ. ताहा हुसैन : मकतबमधल्या अंध मुलापासून शिक्षणमंत्र्यापर्यंत

गेल्या वर्षी जून महिन्यात, प्रवेशाच्या गडबडीत, आमच्या शाळेत एक पालक आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलाला जन्मापासून दिसत नाही. त्यांना प्रवेश नको होता, शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. मुलाची याददाश्त तेज आहे, हिफ्जला बसवतो, पुढेमागे कुठल्या तरी मशिदीत लागेल, असं त्यांचं म्हणणं. हिफ्ज ही तर मोठी नेमत, त्यावर आम्ही काय बोलणार? पण निघताना त्यांनी खालच्या आवाजात जे सांगितलं ते मनातून जाईना. वर्गात याला वाचून कोण दाखवणार, परीक्षेत याचं कोण लिहिणार, संडासला कोण नेणार, आणि हे सगळं किती वर्षं? मुलगा शेजारीच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. आम्हीही नाही विचारलं.

त्या रात्री आम्हाला डॉ. ताहा हुसैन आठवले. इजिप्तचे मोठे अरबी साहित्यिक, विद्यापीठाचे कुलगुरू, देशाचे शिक्षणमंत्री. उर्दू-अरबी शिकलेल्या घरांत हे नाव माहीत असतं, मराठीत मात्र त्यांच्यावर फार कमी लिहिलं गेलंय. आणि जे लिहिलं जातं त्यात अंधारावर मात करणारा महापुरुष असा एकच सूर असतो. इजिप्तमध्ये त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला त्याचं नावही तसंच होतं. आम्हाला ती मांडणी थोडी खटकते. त्यांचं ‘अल-अय्याम’ हे आत्मचरित्र नीट वाचलं तर त्यात मात करण्याच्या गोष्टी कमी आहेत. कोण हात धरायला आलं, कोण आलं नाही, आणि आलेल्याने हात कसा धरला, याच्या गोष्टी जास्त आहेत.

त्यांचा जन्म नोव्हेंबर १८८९ चा. वरच्या इजिप्तमध्ये मिन्या भागात मगागा नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या एका वस्तीतला. वडील साखर कंपनीत साध्या नोकरीवर. वडिलांना एकूण तेरा मुलं, ताहा त्यातला सातवा. अशा घरात एका मुलाचे डोळे आले तर कोण लगेच धावपळ करतं? तेव्हाच्या इजिप्तच्या खेड्यात डोळे येणं हे सर्दीइतकं नेहमीचं होतं. काही दिवस तसेच गेले. मग गावच्या हज्जामाला बोलावलं, त्याने त्याच्या पद्धतीने इलाज केला आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हा ताहाचं वय तीनच्या आसपास होतं. पुढे त्याच घरात चार वर्षांची धाकटी बहीणही तापाने गेली, तिच्याकडेही वेळेवर कुणी पाहिलं नव्हतं. ताहा हुसैन यांनी हे दोन्ही प्रसंग लिहिले आहेत आणि आपल्या माणसांना त्यात सूट दिलेली नाही. नशीब म्हणून त्यांनी ते सोडून दिलं नाही, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे असं काही झालं की आपण तकदीर म्हणतो आणि विषय मिटवतो.

लहानपणीचा जेवणाचा प्रसंग तर एकदा वाचला की विसरता येत नाही. सगळी भावंडं एका ताटाभोवती बसलेली. ताहाच्या मनात सहज आलं, की घास नेहमीसारखा एका हाताने न घेता दोन्ही हातांनी घेतला तर? पोरांच्या डोक्यात येतं तसंच. त्याने तसं करून पाहिलं. भावंडं खदाखदा हसली. आई रडायला लागली. वडिलांनी हळू आणि दुःखी आवाजात समजावलं, की बाळा, घास असा घेत नाहीत. झालं एवढंच. पण त्या रात्रीपासून त्या पोराने चमच्याने खायचे सगळे पदार्थ स्वतःवर बंद करून घेतले. सूप नाही, भात नाही. सांडेल, आणि कुणी तरी हसेल किंवा रडेल, म्हणून. पंचविशी उलटेपर्यंत हे चाललं. चारचौघांत जेवणंही जवळपास सोडलं.

इथे आम्ही जरा थांबतो, कारण त्या घरात कुणी दुष्ट नव्हतं. हसणारी पोरं होती, रडणारी आई होती. आईची माया आणि भावंडांची चेष्टा, दोन्हींनी त्याला एकच गोष्ट शिकवली, की तू आमच्यासारखा नाहीस. कुणी त्याच्या हाताला हात लावून वाटी कुठे आहे, चमचा कसा धरायचा, हे दाखवलं असतं तर काम दोन दिवसांचं होतं.

मकतबमध्ये त्याला ज्या उस्तादांकडे घातलं त्यांची गंमत वेगळीच. गावात सगळे त्यांना सय्यिदना म्हणत. ते स्वतःही जवळजवळ अंध होते, एका डोळ्यात थोडासा उजेड उरलेला. पण आपल्याला चांगलं दिसतं असा त्यांचा ठाम समज होता. मकतबला येता-जाता दोन शागिर्दांच्या खांद्यांवर दोन हात ठेवून, मोठ्याने गात, रस्ता अडवत ते चालायचे. ताहाने नऊ वर्षांचा होण्याआधीच कुरआन हिफ्ज केलं आणि घरचे त्याला शेख म्हणायला लागले. पोरगा खूश. नवा अमामा मिळेल याची वाट पाहू लागला. पण उजळणी कुणी घेतली नाही. एक दिवस वडिलांनी पाहुण्यांसमोर सूरह शुअरा म्हणायला सांगितली. सुरुवात झाली आणि पुढे काही येईना. मग सूरह नमल, तीही नाही. मग कसस, तिथेही तेच. ज्यांच्या घरात हाफिज मुलं आहेत त्यांना ठाऊक असेल, या तिन्ही सूरांची सुरुवात एकमेकींशी इतकी जुळती आहे की कच्चा हाफिज नेमका तिथेच घसरतो. वडील ओरडले नाहीत, फक्त त्याला जायला सांगितलं. शिक्षक म्हणून आम्हाला यात पोरापेक्षा उस्तादांचीच चूक दिसते. हुशार आहे, त्याचं त्याला पाठ होतं, असं म्हणून ज्या मुलाकडे लक्ष दिलं जात नाही ते मूल बहुतेक वेळा असंच तोंडघशी पडतं.

१९०२ च्या ऑगस्टमध्ये कॉलऱ्याच्या साथीत घरातला एक तरणा मुलगा गेला. तो डॉक्टरकीला जाणार होता. त्या दुःखाच्या सावलीतच, त्याच वर्षी, ताहाला मोठ्या भावासोबत कैरोला अल-अझहरमध्ये पाठवलं गेलं. वय तेरा.

अझहरमध्ये अंध विद्यार्थी ही नवी गोष्ट नव्हती, शेकडो वर्षांची रीत होती. त्यांच्यासाठी वेगळा हुजराही होता. कानाने ऐकायचं, पाठ करायचं, पुढे कारी किंवा मुदर्रिस व्हायचं. एका अर्थी त्या काळातल्या युरोपातल्या अनेक शाळांपेक्षा ही जागा अंधांसाठी जास्त मोकळी होती. पण दाखल होतानाच पहिला धक्का बसला. परीक्षकाने त्याला नावाने न बोलावता आंधळा म्हणून हाक मारली. घरी हा शब्द कुणी त्याच्यासमोर काढत नसे, सगळे जपायचे. इथे तो पहिल्यांदा असा भर सभेत अंगावर आला. परीक्षा मात्र दोन ठिकाणचं थोडं थोडं ऐकून लगेच आटोपली. बाकीच्यांना जेवढं घासून पुसून विचारलं तेवढंही त्याला विचारलं नाही. अपमान हाकेत होताच, पण या सवलतीतही होता, असं आम्हाला वाटतं.

कैरोतल्या त्या दिवसांचं वर्णन हा ‘अल-अय्याम’चा सगळ्यात जड भाग. जुन्या चाळीसारखी इमारत, माडीवर खोली. भाऊ सकाळी त्याला दर्सला नेऊन बसवायचा आणि दर्स संपला की परत आणायचा. संध्याकाळी त्याच्यासमोर जेवण ठेवून भाऊ मित्रांकडे निघून जायचा. बाजूच्या खोलीत चहाची मैफल जमायची, हसणं ऐकू यायचं. ताहाला चहा फार आवडायचा. पण मलाही घेऊन चला हे म्हणायची लाज वाटायची, आणि त्याला न्यावं हे भावाला सुचायचं नाही. तो गालिच्यावर तसाच बसून राहायचा. मगरिबची अजान झाली की अंधार पडला असेल हे त्याला कळायचं. खोलीत दिवा लावला जायचा नाही, कारण खोलीत डोळस कुणी नसायचं. मग भिंतीच्या भोकांतले किडे आणि उंदीर आवाज करायला लागत. भीती वाटायची, पण सांगणार कुणाला? सांगितलं तर भाऊ चिडेल, ओझं वाटेल.

हा भाऊ वाईट होता का? नाही. तोही पोरच होता, त्यालाही अभ्यास होता, मित्र होते. त्याच्या गळ्यात एक काम पडलं होतं आणि ते तो प्रामाणिकपणे, वेळेवर, कंटाळून करत होता. आपल्या किती घरांत हेच चाललंय. घरात एक दिव्यांग मूल असतं आणि एका भावाच्या किंवा बहिणीच्या आयुष्यावर त्याची ड्युटी लागलेली असते. दोघांनाही कुणी विचारलेलं नसतं.

मग ताहाचा मावसभाऊ शिकायला कैरोत आला. त्याच्याच वयाचा, लहानपणापासूनचा दोस्त. आणि त्या खोलीतलं सगळं बदललं. दोघं बरोबर जेवायचे, बरोबर दर्सला जायचे, वाटेत खायला घ्यायचे, बरोबर वाचायचे. डोळे आले नव्हते, अंधत्व तेवढंच होतं. बदललं ते एवढंच, की आता कुठे जायचं आणि कधी जायचं यात ताहाचंही मत होतं.

डिसेंबर १९०८ मध्ये कैरोत नवं इजिप्शियन विद्यापीठ सुरू झालं. इटालियन आणि जर्मन प्राध्यापक तिथे अरबीतून व्याख्यानं देत. ताहा हुसैन दिवसा अझहर आणि संध्याकाळी विद्यापीठ असे धावू लागले. अझहरशी त्यांचं फारसं पटलं नाहीच. १९१२ मध्ये तिथल्या आलिमियतच्या परीक्षेत ते नापास झाले, आणि हा निकाल आधीच ठरला होता असं त्यांनी शेवटपर्यंत मानलं. विद्यापीठात मात्र १९१४ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्या विद्यापीठाने दिलेली ती पहिली डॉक्टरेट.

विषय होता अबुल अला अल-मअर्री. दहाव्या-अकराव्या शतकातले सीरियाचे हे शायर लहानपणी देवीच्या रोगाने अंध झाले होते आणि आयुष्याचा मोठा भाग घर न सोडता राहिले. एकदा जेवताना काकवी त्यांच्या छातीवर सांडली, ते तसेच शिकवायला बसले, आणि एका शागिर्दाने ते बोलून दाखवल्यावर त्यांनी काकवी कायमची सोडली, अशी कहाणी आहे. ताहा हुसैन यांनी हा विषय का निवडला हे वेगळं सांगायला नको. दोन्ही हातांनी घास घेणारा तो पोरगा अजून आतच होता.

फ्रान्सला जायची शिष्यवृत्ती मिळवताना तर नियमांची अशी भिंत लागली, की आजच्या पालकांना ती ओळखीची वाटेल. पहिल्या अर्जाला नकार, माध्यमिक शाळेचं प्रमाणपत्र नाही आणि उमेदवार अंध. दुसऱ्यांदा अर्ज केला तर फ्रेंच चांगलं यायला हवं. रात्रशाळेत जाऊन फ्रेंच शिकून आले तर आधी डॉक्टरेट करा. तीही करून दाखवली. आता विद्यापीठाकडे कारणंच उरली नाहीत. नोव्हेंबर १९१४ मध्ये, पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, ते एका भावाला सोबत घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलियेला पोचले.

ब्रेल लिपी तेव्हा फ्रान्समध्ये रुळलेली होती, ती तिथलीच. पण ताहा हुसैन यांची सगळी तालीम कानाने झालेली, आणि त्यांना लागणारे ग्रंथ बोटांनी वाचायच्या रूपात कुठे मिळणार? त्यांना वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. मे १९१५ मध्ये सुझान ब्रेसो नावाची तरुणी हे काम करू लागली. मध्येच विद्यापीठाकडे पैसे नाहीत म्हणून त्यांना मायदेशी बोलावलं गेलं, काही महिन्यांनी पुन्हा पाठवलं, या वेळी पॅरिसला. सॉर्बोनमध्ये पदवीसाठी लॅटिन सक्तीचं होतं. अझहरमधून आलेल्या अंध माणसाने तेही केलं, सुझानच्या आवाजावर. ‘अल-अय्याम’मध्ये त्यांनी तिचं नाव न घेता तिच्या आवाजाचाच उल्लेख केला आहे.

ऑगस्ट १९१७ मध्ये दोघांचं लग्न झालं. तिच्या घरून विरोध होता, आणि तो समजण्यासारखाही आहे, कारण मुलगा परदेशी, मुसलमान आणि अंध. तिचे एक काका पाद्री होते. ते ताहा हुसैन यांना घेऊन लांब फिरायला गेले, बोलले, आणि परत येऊन त्यांनी लग्नाच्या बाजूने कौल दिला. पुढे इब्न खल्दूनच्या विचारांवर सॉर्बोनची डॉक्टरेट झाली आणि १९१९ मध्ये हे जोडपं कैरोला परतलं. सुझान शेवटपर्यंत आपल्या धर्मावर राहिल्या.

विद्यापीठात त्यांना ग्रीस आणि रोमचा प्राचीन इतिहास शिकवायचा होता. ग्रीसचा इतिहास शिकवायचा म्हणजे आधी तिथला भूगोल आला. समुद्र कुठून आत घुसतो, डोंगर कुठे, खाड्या कुठे, हे नकाशा न पाहिलेल्या माणसाने कसं सांगावं? सुझानने कागद घेऊन ग्रीसचा आकार तयार केला, उंचवटे केले आणि त्यांची बोटं त्यावरून हळूहळू फिरवली. इकडे डोंगर, इकडे पाणी. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात ग्रीसचा भूगोल असा मांडला की ऐकणारे चकित झाले. कागदाचा एक तुकडा आणि एक संध्याकाळ, एवढाच खर्च. आम्ही हे वाचल्यावर आमच्या शाळेतले भूगोलाचे तक्ते आठवले. सगळे चकचकीत, काचेच्या चौकटीत, भिंतीवर उंच टांगलेले. हात पोचू नये म्हणूनच जणू.

यानंतरच्या त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट टाळून पुढे जाणं बरोबर नाही. १९२६ मध्ये इस्लामपूर्व अरबी काव्यावर त्यांचं पुस्तक आलं. त्या काळातलं म्हणून सांगितलं जाणारं बरंचसं काव्य नंतर रचलं गेलं, असं त्यात होतं. हजरत इब्राहीम आणि हजरत इस्माईल अलैहिस्सलाम यांच्याबद्दलच्या काही ओळींवरून उलेमांनी जोरदार आक्षेप घेतला. पुस्तक बाजारातून मागे घेतलं गेलं, सरकारी वकिलाने चौकशी केली आणि १९२७ मध्ये खटला न भरता ती बंद झाली. तो भाग काढून पुस्तक नव्या नावाने पुन्हा आलं. त्या मतांशी आमचे वाचक सहमत नसतील, आम्हीही नाही. पुढे याच माणसाने सीरतवर आणि हजरत अबूबक्र व हजरत उमर रजियल्लाहु अन्हुम यांच्यावर पुस्तकं लिहिली, ती आजही वाचली जातात. त्यांचं मूल्यमापन जाणकारांनी करावं. आमचा विषय त्यांचं शिक्षण आहे.

१९३० मध्ये ते कला शाखेचे अधिष्ठाता झाले. १९३२ मध्ये सरकारला आपल्या काही राजकारण्यांना मानद डॉक्टरेट द्यायच्या होत्या. त्यांनी नकार दिला आणि नोकरी गेली. कुलगुरू अहमद लुत्फी अस-सय्यिद यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. पुढे सरकार बदललं तेव्हा ताहा हुसैन परत आले. विद्यापीठात मुलींना प्रवेश मिळण्याच्या बाजूने ते ठामपणे उभे राहिले. त्यांच्या शिष्या सुहैर अल-कलमावी या त्या विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या इजिप्शियन महिला. १९४२ मध्ये अलेक्झांड्रियाचं विद्यापीठ उभं राहिलं, त्याचे ते पहिले कुलगुरू.

जानेवारी १९५० मध्ये मुस्तफा अन-नह्हास यांच्या मंत्रिमंडळात ते शिक्षणमंत्री झाले. पाणी आणि हवा जशी सगळ्यांची तशी तालीम सगळ्यांची, हे ते कितीतरी वर्षं मांडत होते. प्राथमिक शिक्षणाची फी आधीच, १९४० च्या दशकात, ते खात्यात सल्लागार असताना माफ झाली होती. आता त्यांनी माध्यमिक आणि तांत्रिक शिक्षणही मोफत केलं. पैसा कुठून आणणार, शाळा कुठे आहेत, मास्तर कुठे आहेत, दर्जा बुडेल, अशी टीका झाली. आम्ही मास्तर म्हणून कबूल करतो, वर्गात गर्दी झाली की दर्जाचं ओझं येतंच. पण मगागाजवळच्या त्या घरात तेरा मुलं होती. फी भरून त्यातली किती शिकली असती? जानेवारी १९५२ मध्ये कैरोत मोठी जाळपोळ झाली, राजाने सरकार बरखास्त केलं आणि त्यांचं मंत्रिपद संपलं. फी माफी मात्र टिकली.

त्याच वर्षी हेलन केलर इजिप्तच्या दौऱ्यावर आल्या होत्या, तेव्हा दोघांची भेट झाली. एकीला ऐकूही येत नव्हतं, दिसतही नव्हतं. दोघांच्याही आयुष्यात एक वाचणारं माणूस होतं, त्यांच्या ॲन सुलिव्हन आणि यांच्या सुझान.

आणि इथे आमच्या मनात सलणारा प्रश्न येतो. फी माफ झाली म्हणून अंध मुलाला पुस्तक वाचून दाखवणारं मिळालं, असं होत नाही. दार उघडलं तरी तिथपर्यंत नेणारं कुणी लागतं. ताहा हुसैन यांना मावसभाऊ मिळाला, सुझान मिळाली, पुढे फरीद शहाता यांच्यासारखे सचिव मिळाले, ज्यांना ते मजकूर सांगत आणि ते लिहून घेत. त्यांची पुस्तकं अशीच बोलून लिहिली गेली. म्हणून त्यांना कुणी परावलंबी म्हणेल का? काय वाचायचं, काय लिहायचं, कुठे खोडायचं, हे तेच ठरवत होते. त्यांना स्वावलंबी म्हणायचं ते याच अर्थाने. पण ही माणसं त्यांना नशिबाने मिळाली. ज्याला मिळाली नाहीत तो अंध मुलगा कुठे गेला?

दिव्यांग माणसाने सगळं एकट्याने करावं असं नाही, तर मदत कुणाची, कधी आणि कशी घ्यायची हे त्याच्या हातात असावं, हा विचार चळवळ म्हणून पुढे आला तो १९७० च्या आसपास. १९७२ मध्ये अमेरिकेत बर्कली इथे दिव्यांगांनीच चालवलेलं पहिलं केंद्र सुरू झालं. ते सुरू करणारे एड रॉबर्ट्स पोलिओमुळे मानेखाली जवळपास हलू शकत नव्हते. ताहा हुसैन तेव्हा हयात होते, पण फार थकले होते. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. त्यातलं पाचवं कलम सांगतं, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहायचा हक्क आहे आणि तिने कुठे व कुणासोबत राहावं याची सक्ती करता येणार नाही. ६ ते १८ वयाच्या ज्या मुलांचं दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त आहे, त्यांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि कुठली शाळा हे निवडायचाही. परीक्षेला लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, हेही केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हे सगळं आम्हाला पाठ आहे, प्रशिक्षणात सांगितलं जातं. आमच्या शाळेत रॅम्पही झालाय. संडासाला अजून तीन पायऱ्या आहेत.

ताहा हुसैन यांची शेवटची वर्षं आजारपणात गेली. १९६३ पासून ते कैरोच्या अरबी भाषा अकादमीचे अध्यक्ष होते. १९५५ मध्ये हिजाजला गेले तेव्हा मक्का आणि मदिना दोन्ही ठिकाणी त्यांनी हाजिरी दिली. गिझामधल्या त्यांच्या ‘रामतान’ या घरी सुझान त्यांच्यासोबत होत्या. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क पुरस्कारासाठी त्यांची निवड झाली, पण तो स्वीकारायला ते राहिले नाहीत. २८ ऑक्टोबर १९७३, रविवारी सकाळी त्यांचं इंतकाल झालं. सुझान त्यानंतर सोळा वर्षं जगल्या आणि त्यांनीही आपल्या सहजीवनाची आठवण लिहिली. ‘रामतान’ आता संग्रहालय आहे.

त्या पालकांना आम्ही दुसऱ्या आठवड्यात फोन केला. या वेळी मुलाला फोन द्यायला सांगितलं. त्याला हिफ्ज करायचंच होतं. त्याला शाळाही हवी होती. दोन्ही जमतं का, एवढंच त्याला विचारायचं होतं. आता तो सकाळी मकतबला जातो आणि अकराला शाळेत येतो. दुपारच्या सुट्टीत आठवीतल्या दोन मुली त्याला धडे वाचून दाखवतात. परवा त्याने त्यांना थांबवलं. इतिहास आता नको, आधी गणित वाचा, म्हणाला. मुली तक्रार घेऊन आमच्याकडे आल्या, की बाईंनी तर इतिहास सांगितला होता. आम्ही त्यांना गणिताचं पुस्तक दिलं.